पॉम्पेईला जाताय? आधी पत्ते लिहून घ्या

पॉम्पेईला जाणाऱ्यांची पंचाईत बहुधा एकाच जागी होते. मनात असतं, काही अवशेष बघायला चाललोय. समोर येतं इटलीत नेपल्सजवळचं, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलेलं रोमन शहर, तटबंदीच्या आत सुमारे ६६ हेक्टरचं, आणि त्यातला दोन-तृतीयांश भाग उकरून मोकळा केलेला. रस्ते, बोळ, चौक, दुकानं, स्नानगृहं, आणि घरांमागून घरं. दुपारी बाराच्या सुमारास फोरमच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाच्या, कडेला लोक नकाशा उलटसुलट फिरवत बसलेले दिसतात ते त्यामुळेच. एप्रिलच्या अखेरीस आम्ही ही सफर पार पाडली. व्हिसापासून म्युझियमपर्यंत काय काय करावं लागतं, कुठे अडकायला होतं, पैसे कुठे जातात, ते त्याच क्रमाने इथे लिहिलं आहे.

सुरुवात शेंगेन व्हिसाने (एकाच व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरता येतं तो) होते आणि धसकाही त्याचाच जास्त असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. निघायच्या पंधरा दिवस आधीपर्यंत तो द्यावाच लागतो. पण त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर कुणी राहू नये. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असली, तरी जास्त छाननी लागली तर ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. त्याहून मोठी अडचण अपॉइंटमेंटची. मुलांच्या परीक्षा संपल्या की निघू म्हणणारे सगळे एकाच वेळी तारखा शोधायला लागतात. एप्रिल-मेचा बेत असेल तर जानेवारीतच तारीख धरावी. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईतल्या इटलीच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. कागद आणि बोटांचे ठसे घ्यायचं काम व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात होतं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तर तेच पुन्हा वापरता येतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

फी ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० यूरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. रुपयांत किती ते त्या वेळच्या दरावर. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही, म्हणून कागद नीट लावण्यातच शहाणपण आहे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. प्रवास विमा किमान ३०,००० यूरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा; विम्याच्या तारखा विमानाच्या तिकिटाशी जुळतात ना हे एकदा बघून घ्या, कारण भारतातून मध्यरात्री सुटणाऱ्या विमानांमुळे एका दिवसाचा घोळ सहज होतो.

पैशांच्या कागदांत बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरदारांना पगाराच्या स्लिपा आणि रजेचं पत्र, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी, निवृत्तांना पेन्शनचा कागद. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून खात्यात मोठी रक्कम भरून घेणं ही आपल्याकडची आवडती युक्ती, ती नडते. शिल्लक कमी असली तरी नियमित जमा होणारा पगार जास्त बोलका असतो. मुलं बरोबर असतील आणि आई-वडिलांपैकी एकच जण जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. सोबतच्या पत्रात दिवसवार आखणी द्यायची: तारीख, शहर, हॉटेल, पुढचा प्रवास. इटलीसोबत फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडही असेल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्यावीत.

पासपोर्ट परत येईपर्यंत जीव टांगणीला लागतो, त्याला इलाज नाही. आला की पाकीट फोडून तिथल्या तिथे स्टिकर तपासा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, दोन्ही तारखा, किती दिवस राहता येईल तो आकडा, आणि प्रवेश एकदाच की अनेकदा. चूक दुरुस्त करायची तर ती त्याच वेळी सोपी जाते.

सीमेवरची एक गोष्ट नवी आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्यांदा नोंद होताना वेळ लागतो. रोमला उतरून लगेच नेपल्सची गाडी पकडायचा बेत असेल, तर उतरण्याच्या आणि गाडीच्या वेळेत किमान तीन तास ठेवावेत, नाहीतर गाडीचं तिकीट बदलता येईल असंच घ्यावं. स्वस्तातलं तिकीट बहुतेक वेळा बदलून मिळत नाही.

आता पॉम्पेईचं तिकीट. १५ नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं. दारावर ओळखपत्र बघतात, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकायचं आणि पासपोर्ट सोबत ठेवायचा. उन्हाळी वेळापत्रकात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, सकाळी ९ ते संध्याकाळी ७ उघडं असतं, शेवटचा प्रवेश साडेपाचला. हिवाळ्यात ९ ते ५, शेवटचा प्रवेश साडेतीनला. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद. काही घरं मात्र मुख्य दाराच्या बरीच आधी बंद होतात, त्यामुळे 'सातपर्यंत वेळ आहे' हे खरं धरू नका.

साधं तिकीट २०२५ मध्ये १८ यूरो होतं, त्यात तटबंदीच्या आतलं शहर येतं. तटाबाहेरच्या बंगल्यांसकटचं, म्हणजे प्रसिद्ध व्हिला देई मिस्तेरी धरून, २२ यूरो. दर बदलत राहतात. अधिकृत संकेतस्थळावर, पॉम्पेईसाइट्स डॉट ऑर्ग वर, बघून मगच पैसे भरा. शोधयंत्रात वर येणारी बरीच पानं मध्यस्थांची असतात आणि तेच तिकीट दीडपटीने विकतात. अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना प्रवेश फुकट आहे, मग ती मुलं कुठल्याही देशाची असोत, पण त्यांचंही तिकीट काढावं लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट असतं. तो दिवस टाळलेला बरा. तिकिटाचे पैसे वाचतात आणि सकाळ रांगेत जाते.

रोमहून नेपल्सला वेगवान गाडीने सव्वा तास लागतो. लवकर काढलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं, आयत्या वेळी महाग. साध्या प्रादेशिक गाडीला दोन-तीन तास, पण दर ठरलेला. रोममधून सकाळी निघून रात्री परत, असं करणारे खूप आहेत. जमतं, पण पॉम्पेईच्या वाट्याला जेमतेम चार तास येतात. नेपल्समध्ये दोन रात्री काढल्या तर सगळं निवांत होतं. हॉटेलात माणशी, रात्री प्रमाणे शहर-कर वेगळा घेतात, बहुतेकदा रोख.

नेपल्सहून पुढे चिर्कुमवेसुव्हियाना नावाची लोकल. इथे नावांचा गोंधळ आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. उतरायचं स्टेशन 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी', आणि त्यासाठी नेपल्स–सोरेंतो मार्गाचीच गाडी लागते. याच लोकलच्या पोज्जोमारिनोच्या फाट्यावर 'पॉम्पेई सांतुआरियो' नावाचं दुसरं स्टेशन आहे. ते आजच्या गावातल्या चर्चजवळ. आणि मुख्य रेल्वेचं नुसतं 'पॉम्पेई' हे तिसरं. दुसऱ्या-तिसऱ्यावर उतरलात तर बिघडत नाही, फक्त चालत अँफिथिएटरच्या, म्हणजे खेळांच्या जुन्या रिंगणाच्या, दाराशी पोचता, पोर्ता मारीना या नेहमीच्या दाराशी नाही. तेव्हा फलकावर 'पॉम्पेई' दिसलं म्हणून चढू नका, गाडीवर सोरेंतो लिहिलंय ना ते बघा.

लोकल मुख्य स्टेशनाच्या खालून, गारिबाल्दी फलाटांवरून मिळते. पण ती सुटते त्याच्या एक स्टेशन अलीकडून, पोर्ता नोलानाहून. तिथवर दहा मिनिटं चालत गेलं की बसायला जागा मिळते. विरारची गाडी दादरला पकडायची की चर्चगेटला, हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं सांगायला नको. प्रवास ३५ ते ४० मिनिटांचा, तिकीट तीन-साडेतीन यूरोंच्या घरात. पाठीवरची सॅक पुढे घ्या, फोन मागच्या खिशात ठेवू नका. हंगामात कँपानिया एक्सप्रेस नावाची कमी थांब्यांची गाडी असते, ती महाग पण आरामाची. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात. आदल्या रात्री 'शोपेरो' हा शब्द टाकून बातम्या बघाव्यात.

स्टेशनातून बाहेर पडताच गळ्यात पट्टा अडकवलेली माणसं 'तिकीट तिकीट' करत येतात. तिकीट आधीच काढलेलं असेल तर सरळ पुढे चालू लागायचं. पोर्ता मारीनाचं दार अक्षरशः दोन मिनिटांवर आहे. गाईड हवा असेल तर कँपानिया प्रांताचा परवाना दाखवणाराच घ्या आणि भाव माणशी की गटाचा, किती तासांचा, हे आधी बोलून घ्या. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरहून मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. दाराजवळ ती फुकट ठेवून घेतात. पण बॅग एका दारावर ठेवून दुसऱ्या दाराने बाहेर पडलात तर ती घ्यायला तटाबाहेरून मोठा वळसा पडतो. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आता पत्त्यांविषयी. उत्खनन १७४८ साली सुरू झालं, १७६३ मध्ये एका शिलालेखावरून हे पॉम्पेईच असल्याचं नक्की झालं, आणि पुढे शंभर वर्षं ज्याला जिथे काही मिळेल तिथे खणणं चालू होतं. १८६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी शहराचे नऊ विभाग पाडले, विभागात ठोकळे (चारी बाजूंनी रस्ते असलेले घरांचे गट), ठोकळ्यात दारांना क्रमांक. आजही प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ते लावलेले दिसतात. विभागाचा आकडा रोमन अंकांत असतो. वेत्ती बंधूंचं घर म्हणजे ६-१५-१: सहावा विभाग, पंधरावा ठोकळा, पहिलं दार. एकदा हे कळलं की नकाशा हाताशी नसला तरी चालतं, कारण एका कोपऱ्यावर उभं राहून आपण कुठे आहोत ते वाचता येतं. उलट घरांच्या नावांवर विसंबलात तर फसता. नावं इटालियन, एकाच घराची दोन-दोन, आणि फोनच्या नकाशावर तिसरंच. निघण्याआधी दहा-बारा पत्ते कागदावर लिहून घ्या: फॉनचं घर ६-१२-२, 'कुत्र्यापासून सावध' मोझाइकचं घर ६-८-५, पोपिदियुसची बेकरी ७-२-२२, वेतुतियुसचं खाण्याचं दुकान १-८-८, वेश्यागृह ७-१२-१८, पळून जाणाऱ्यांची बाग १-२१. अधिकृत नकाशा आणि माहितीपुस्तिका संकेतस्थळावरून उतरवून ठेवा. खिडकीवर छापील प्रती संपलेल्या असतात.

दुसरं काम आदल्या दिवशीचं. कोणती घरं उघडी आहेत याची यादी संकेतस्थळावर असते आणि काही घरं ठराविक वारीच उघडतात. हे सरकारी हलगर्जीपणाने होतं असं समजून चिडू नका. दोन हजार वर्षांच्या भिंती एकदा उघड्या पडल्या की पाऊस, ऊन आणि मुळं त्यांना खातात. नोव्हेंबर २०१० मध्ये इथली स्कोला आर्मातुरारुम ही अख्खी इमारत कोसळली, त्यानंतर युरोपीय निधीसह १०५ दशलक्ष यूरोंचा दुरुस्तीचा प्रकल्प उभा राहिला. आज जे शाबूत दिसतं ते बरंचसं त्याच कामामुळे.

नऊला दार उघडतं तेव्हा सगळे गट पोर्ता मारीनाची चढण चढून फोरमवर जातात आणि तिथेच तासभर थांबतात. आपण फोरम ओलांडून सरळ उत्तरेला, सहाव्या विभागात जायचं. वेत्तींचं घर पहिल्या अर्ध्या तासात बघितलं तर निवांत मिळतं, अकरानंतर दाराबाहेर रांग लागते. हे घर जवळजवळ वीस वर्षांच्या कामानंतर जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा पूर्ण खुलं झालं. मालक गुलामीतून सुटून श्रीमंत झालेले, त्यामुळे दारातच पैशाच्या पेट्या आणि थाट. लोक प्रवेशाजवळच्या प्रियापुस या प्रजननदेवाच्या चित्रापाशी घोळका करतात. तुम्ही मागच्या मोठ्या दालनात जा आणि भिंतीवर लाल रंगाखालचा काळा पट्टा बघा. त्यात पंखवाली पोरं कामं करतायत: कुणी सोन्याचे दागिने घडवतंय, कुणी अत्तर काढतंय, कुणी कपडे धुतंय, कुणी दारू विकतंय. त्या छोट्या चित्रांत शहरातले धंदे एका ओळीत मांडलेत. रोमन बाजार समजून घ्यायला याहून चांगली जागा शहरात दुसरी नाही, असं माझं मत.

तिथून फॉनचं घर चार मिनिटांवर. सुमारे ३,००० चौरस मीटरचं, अख्खा ठोकळा व्यापणारं. दारातल्या जमिनीवर स्वागताचा शब्द आहे. १८३१ मध्ये सापडलेलं अलेक्झांडरचं मोझाइक इथलंच, पण इथे दिसते ती प्रतिकृती; अस्सल नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. इथल्या बहुतेक नामांकित चित्रांची तीच गत आहे. निव्वळ चित्रं बघायला पॉम्पेईला आलात तर हिरमोड होईल.

मोठ्या तिकिटातला व्हिला देई मिस्तेरी याच वेळी उरकावा, कारण तो याच बाजूला, एर्कोलानो दाराबाहेर, थडग्यांच्या रस्त्याने जाऊन पुढे आहे. १९०९ मध्ये उकरलेल्या या बंगल्यातली लाल भिंतीवरची जवळपास माणसाएवढी चित्रं जागेवरच आहेत. जाऊन-येऊन तासभर धरा. वेळ कमी असेल तर हा भाग सोडा आणि साधं तिकीट घ्या.

रस्ते मात्र घाईने तुडवू नका. लाव्हाच्या काळ्या दगडांची फरसबंदी, त्यात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना उंच पदपथ, आणि मधून पलीकडे जायला ओळीत ठेवलेले मोठे दगड. रस्त्यावरून कारंज्यांचं जादा पाणी आणि घाण वाहत असे, म्हणून ही सोय. दगडांमधल्या फटी चाकं जातील इतक्या सोडलेल्या. पदपथाच्या कडेला भोकं दिसतात, बहुधा जनावरं बांधायची. चौकातल्या कारंज्यांच्या कठड्यावर हात टेकून टेकून दगड एका बाजूने झिजलाय. नव्या तोट्या बसवलेल्या कारंज्यांचं पाणी पिण्यालायक आहे, त्यामुळे बाटली एकच घ्या आणि भरत राहा. बूट जाड तळाचे, घट्ट पकडीचे. पाऊस पडून गेला असेल तर हा दगड साबणासारखा निसरडा होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी, बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची असणाऱ्यांनी पोर्ता मारीनाची चढण टाळून अँफिथिएटर चौकाच्या दारातून शिरावं; तिथून 'सर्वांसाठी पॉम्पेई' नावाचा तीन किलोमीटरहून लांब, अडथळे कमी केलेला मार्ग आखलेला आहे.

पोपिदियुस प्रिस्कुसच्या बेकरीत आवर्जून थांबा. अंगणात लाव्हाच्या दगडाची, धान्य दळायची चार जाती उभी आहेत. खालचा दगड शंकूसारखा, वरचा दोन्हीकडून पोकळ. मधे चौकोनी खाच, तिच्यात लाकडी दांडा अडकवून गाढवाला जुंपायचं. दगड सच्छिद्र असल्याने झिजला तरी गुळगुळीत होत नाही, दळत राहतो. शेजारीच विटांची घुमटाची भट्टी, आजही लाकडं घातली तर पेटेल अशी. दुसऱ्या एका, मोदेस्तुसच्या बेकरीच्या भट्टीत १८६२ साली ८१ पाव सापडले, कोळसा झालेले, पण वरच्या फोडींच्या खुणांसकट.

खाण्याची दुकानं दर काही पावलांवर लागतात. रस्त्याकडे तोंड केलेला ओटा आणि त्यात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण. या रांजणांत गरम पदार्थ असायचे की कोरडे, यावर बराच वाद होता. कारण ते बाहेर काढून घासता येत नाहीत. पाचव्या विभागातलं एक दुकान २०२० मध्ये पूर्ण उकरलं तेव्हा रांजणांत बदक, बकरी, डुक्कर, मासे, गोगलगाय यांचे अंश मिळाले. ते दुकान ऑगस्ट २०२१ पासून लोकांसाठी खुलं आहे.

जेवणासाठी फोरमच्या मागे कॅफेटेरिया आहे, शौचालयही तिथेच. बारा ते दोन गर्दी. शाकाहारी असाल तर नेपल्सहून निघतानाच काही बांधून घ्या, किंवा पिझ्झा मारीनारा मागवा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, चीज नाही. घरून नेलेले ठेपले-दशम्या बाकावर बसून खाता येतात, फक्त अवशेषांवर बसून नाही. जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना एवढंच सांगतो की सावली जवळपास नाही. टोपी आणि मिठाची पुडी सोबत ठेवा, आणि दुपारी एकच्या आत निम्मं उरकलेलं असू द्या.

दुपारनंतर व्हिया देल्लाबोंदान्झा या लांब रस्त्याने पूर्वेकडे. भिंतींवर तांबड्या रंगातल्या निवडणूक जाहिराती दिसतील: अमक्याला निवडून द्या, तमक्या धंद्याच्या लोकांचा पाठिंबा आहे. शेवटी अँफिथिएटर. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं, दगडात बांधलेल्यांपैकी टिकून राहिलेलं सर्वांत जुनं, सुमारे २०,००० प्रेक्षकांचं. इ.स. ५९ मध्ये इथे शेजारच्या नुकेरियाच्या लोकांशी दंगल झाली आणि दहा वर्षं खेळांवर बंदी आली, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. अँफिथिएटरच्या जवळच पळून जाणाऱ्यांची बाग: तेरा माणसांचे साचे, काचेपलीकडे. हे पुतळे नव्हेत आणि अश्मीभूत देहही नव्हेत. इ.स. ७९ च्या उद्रेकात आधी सुमारे अठरा तास हलके दगड पडत राहिले, छपरं खचली; दुसऱ्या सकाळी आलेल्या तप्त राखेच्या लोटांनी उरलेल्यांना गाठलं. राख कडक झाली, आतला देह कुजून पोकळी राहिली. फिओरेल्लींनी १८६३ पासून त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतून घेतलं. आत हाडं आहेत. फोटो काढताना तेवढं भान असावं. उद्रेकाची रूढ तारीख २४ ऑगस्ट. पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख सापडली. कोळशाचं अक्षर फार काळ टिकत नाही, म्हणून आता बरेच अभ्यासक उद्रेक ऑक्टोबरअखेरचा मानतात.

खाली पडलेला दगड, विटेचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका. तो गुन्हा आहे, आणि विमानतळावर लाज निघेल ती वेगळीच.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर त्याच लोकलवर एर्कोलानो स्कावीला उतरा. तिथलं हर्क्युलेनियम हे त्याच उद्रेकात गाडलेलं दुसरं शहर आकाराने फार लहान, पण वीसेक मीटर राखेखाली गाडलं गेल्याने तिथे वरचे मजले आणि जळून कोळसा झालेल्या लाकडी तुळयाही शिल्लक आहेत. खूप चालणं जमत नसेल तर मी पॉम्पेईऐवजी हेच सुचवेन.

नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियम मात्र चुकवू नका. मेट्रोने एक क्रमांकाच्या मार्गावर 'मुझेओ' किंवा दोन क्रमांकावर 'काव्हूर'. पॉम्पेईतून काढलेली चित्रं, मोझाइक, भांडी, कोळसा झालेला पाव इथे आहेत. आपल्यासाठी आणखी एक कारण. वेतुतियुसच्या दुकानालगतच्या १-८-५ या घरात १९३८ साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, साधारण २५ सेंटिमीटर उंचीची, दोन्ही बाजूंना लहान दासी. घराला आता 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणतात आणि मूर्तीला लक्ष्मी, जरी ती यक्षी असण्याची शक्यता जास्त. डोक्यातून खाली उभं भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी. तिच्याशी फार साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेर इथे सापडल्या आहेत, म्हणून काही अभ्यासक तिचा उगम दख्खनमध्ये शोधतात. तळावरचं खरोष्ठी अक्षर मात्र वायव्येकडे बोट दाखवतं. तेर म्हणजे 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारपुस्तिकेतलं तगर, जिथला माल भडोचला जाई. उलट्या दिशेने आलेला ब्राँझचा पोसायडन कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात निघाला, तो तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे.

ही मूर्ती म्युझियमच्या 'गुप्त दालनात' ठेवलेली आहे, कामुक चित्रांच्या सोबतीला, आणि ते दालन कधीकधी बंद असतं. तिकीट काढण्याआधी खिडकीवर 'गाबिनेत्तो सेग्रेतो उघडं आहे का' एवढं विचारून घ्या. म्युझियम मंगळवारी बंद असतं, तेव्हा पॉम्पेई सोमवारी ठेवून दुसऱ्या दिवशी म्युझियम असा बेत करू नका. मंगळवारीच पॉम्पेई करा आणि बुधवारी सकाळी म्युझियम.